'ज्युलियस सीझर'च्या अभ्यासाला फोल्जर, नो फिअर की लिटचार्ट्स?

आयसीएसईच्या मुलांना 'ज्युलियस सीझर' आहे आणि अमेरिकेतल्या हायस्कूलमध्येही हे नाटक वर्षानुवर्षं शिकवलं जातं. त्यामुळे मूल पुण्यातलं असो की न्यू जर्सीतलं, शोधाशोध करताना याच तीन साइट समोर येतात. तिन्ही चांगल्या आहेत. घोळ होतो तो एकीचं काम दुसरीकडून करून घेताना.

मूळ नाटक वाचायला वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर लायब्ररीची संहिता घ्यावी. ती फुकट आहे आणि प्रत्येक प्रवेशाच्या सुरुवातीला दोन-चार ओळींचा गोषवारा आहे. पीडीएफमध्ये मात्र आकडे दोन प्रकारचे असतात. डावीकडचा 'एफटीएलएन' हा अख्ख्या नाटकाचा सलग क्रमांक. उजवीकडे पाच-पाच ओळींनी येतो तो त्या प्रवेशातला, आणि उत्तरात द्यायचा तो हाच. शाळेच्या पुस्तकाशी तोही तंतोतंत जुळेलच असं नाही, कारण गद्य भागात ओळ कुठे तुटते हे पानाच्या रुंदीवर ठरतं. वर्ड फाइल ओळक्रमांकाशिवायही मिळते. तीच डाउनलोड करावी, ओळींतलं अंतर दुप्पट करावं, उजवा समास रुंद ठेवून छापावी. टिपणांना याहून सोयीचं काही नाही. शोधताना स्पेलिंग अमेरिकन टाकावं. सीझरचा मित्र अँटनी, त्याच्या भाषणातलं 'ऑनरेबल' ब्रिटिश पद्धतीने 'यू' घालून शोधलं तर एकदाही सापडणार नाही.

उणीव एकच, पण मोठी. फोल्जरच्या छापील प्रतीत डाव्या पानावर शब्दार्थ आणि उजव्या पानावर नाटक असतं. फुकट संहितेत ते शब्दार्थ नाहीत.

तिथे स्पार्कनोट्सचं 'नो फिअर' उपयोगी पडतं. डावीकडे मूळ, उजवीकडे आजचं इंग्रजी. अडलेल्या ओळीपुरतं उत्तम, जाहिराती सहन करायच्या. पण सलग उजवा रकानाच वाचणाऱ्याचं नुकसान होतं, ते कुठे हे तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात दिसतं. सीझरच्या खुनानंतर कटातला ब्रूटस लोकांशी गद्यात बोलतो: मोजूनमापून, युक्तिवाद करत. अँटनी पद्यात बोलतो आणि जमाव फिरवतो. उजव्या रकान्यात दोघेही गद्यातच बोलतात! 'दोन भाषणांची तुलना करा' हा हमखास येणारा प्रश्न. त्यातला सर्वात पक्का मुद्दा असा हातचा जातो. पहिल्याच प्रवेशात चांभार गद्यात आणि त्याला दटावणारे अधिकारी पद्यात बोलतात. तो फरकही तिथे पुसला जातो आणि चांभाराच्या कोट्यांची मजा तर पार जाते.

लिटचार्ट्समध्ये एका बाजूला सारांश, दुसऱ्या बाजूला विश्लेषण आणि प्रत्येक आशयसूत्राला (थीमला) ठरलेला रंग. मैत्रीसारखं सूत्र कोणत्या अंकात कुठे येतं हे त्या रंगांवरून झटकन कळतं, उजळणीला बरं. साइटवर बरंच काही फुकट वाचता येतं, छापण्याजोग्या पीडीएफला पैसे पडतात. पण उत्तराचा कच्चा मसुदा लिहून झाल्याशिवाय हे उघडू नये. आधी वाचलं की वर्गातल्या सगळ्यांची उत्तरं एकाच वळणाची होतात आणि शिक्षकांना ते पहिल्या दोन वाक्यांत कळतं.

शिवाय कोणत्याही सारांशात चौथ्या अंकासारख्या अवघड जागा सपाट होतात. ब्रूटसची बायको पोर्शिया, तिच्या मृत्यूची बातमी तिथे दोनदा येते. आधी ब्रूटस स्वतः कटातला साथीदार कॅशियस याला सांगतो, मग त्याच्याच बाजूचा मेसाला तीच बातमी आणतो तेव्हा ब्रूटस काही ठाऊक नसल्यासारखा ऐकतो. ही नाटककाराच्या फेरलेखनाची खूण की सैनिकांसमोर घेतलेला धीराचा आव, यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि निबंधाला यापेक्षा चांगला विषय शोधून मिळायचा नाही. त्यासाठी मूळ प्रवेशच दोनदा वाचावा लागतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी फोल्जरचं पेपरबॅक घ्यावं. ते हाताशी असलं की 'नो फिअर' फारसं उघडावंच लागत नाही, आणि लिटचार्ट्सच्या वर्गणीचा विचार परीक्षेच्या महिन्यात केला तरी चालतो.