फळांच्या सालींचं बायो-एंझाइम क्लीनर: नळाला झकास, शहाबादीला लांबूनच नमस्कार

लिटरला 120 रुपये देऊन एका बचत गटाच्या स्टॉलवरनं घेतलं हे. बाटली साधीच, पाण्याची वापरलेली, आत चहासारखं तांबूस पाणी. स्टॉलवरच्या अक्कांना विचारलं कशाचं ओ हे, तर म्हणाल्या ज्यूस सेंटरवाल्यांकडनं मोसंबी-संत्र्याच्या साली आणतो, एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने झाकून ठेवायचं. डाळिंबाची सालं सोलापुरात ढिगानं मिळतात की, ती का नाही? तर त्याचे डाग पडतात म्हणे. बरोबरच आहे, डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर, कापडाला रंग द्यायला वापरतात ती.

आता काम कसं करतं ते. आमच्याकडं बोअरचं पाणी, नळाच्या तोटीवर पांढरा थर बसून बसून दगड झालेला. फडकं यात भिजवून तोटीला तासभर गुंडाळलं आणि जुन्या टूथब्रशनं घासलं तर खपल्याच पडायला लागल्या, खालचा स्टील दिसला! बेसिन, बाथरूमच्या टाइल्स, सिंकची जाळी, सगळीकडं चांगलं चालतं. वास आंबूस, व्हिनेगरसारखा, पण फिनेलसारखा डोक्यात जात नाही.

पण बाटलीवर जे लिहिलंय ते मला पटलेलं नाही. "सर्व प्रकारच्या फरशीसाठी" म्हणे. अहो सोलापुरात निम्म्या जुन्या घरांत शहाबादी आहे, आणि शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, हे पाणी आम्लाचं. अंगणात पडलेल्या एका सुट्ट्या तुकड्यावर थोडं ओतून बघितलं तर बारीक बुडबुडे आले आणि पुसल्यावर तिथली चमक गेलेली, फिकट डाग राहिला. म्हणजे नळावरचा क्षार ज्यानं निघतो त्यानंच फरशी खाल्ली जाते. मार्बललाही तेच. हे लेबलवर ठळक लिहायला पाहिजे होतं. आणि ब्लिचिंग पावडरबरोबर मिसळू नका हेही, कारण आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये ते डेंजर आहे.

दुसरी तक्रार, माझी बाटली कच्ची होती. झाकण फिरवल्या फिरवल्या फुस्स करून फेस वर आला, म्हणजे आत आंबणं अजून चालूच, गूळ संपलेला नाही. पाण्यात कालवून टाइल्स पुसल्या तर पाय चिकट आणि संध्याकाळी मुंग्यांची रांग. पुढच्या वेळी घेताना बाटली दाबून बघा, फुगून टणक झाली असेल तर ठेवून द्या, या उन्हात तर फुटायचीच.

एंझाइम नावाचा गाजावाजा जास्त आहे असं मला वाटतं. असतात थोडे, पण साफ करायचं काम बहुतेक ॲसिटिक आणि लॅक्टिक आम्लच करतं. टॉवेलच्या कापडाची खळ काढायला कारखान्यात जे अमायलेज (खळीतला स्टार्च तोडणारं एंझाइम) वापरतात तो प्रकार वेगळा, तो मुद्दाम जीवाणू किंवा बुरशी वाढवून, मोजून मापून काढलेला असतो. त्यामुळं "99 टक्के जंतू खल्लास" वगैरेवर जाऊ नका, घरात कोणी आजारी असेल तर साधं जंतुनाशकच वापरा.

पाचपैकी साडेतीन स्टार. रिकामी बाटली परत नेली की 10 रुपये कमी करतात आणि गाळून उरलेला सालींचा चोथा कुंड्यांसाठी फुकट देतात, मी पिशवी घेऊनच जातो.