यामाहा टीआरबीएक्स १७४: गिटारवाल्याचा पहिला बेस, एक पावसाळा काढल्यानंतर

गिटार वर्षानुवर्षं वाजवलेल्या माणसाने पहिला बेस (जाड तारांची, खर्जातली गिटार) घेताना दुकानात सगळ्यात आधी काय बघावं? माझं उत्तर: आवाज नंतर, हात आधी. आणि हातात घेतल्याघेतल्या गिटारसारखा वाटणारा बेस शक्यतो टाळावा. हे मत हा बेस महिनोन्‌महिने वाजवून झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

ठाण्यात आमचा हौशी वाद्यवृंद आहे. गणपती, नवरात्र, कोजागिरी, सोसायट्यांचे वर्धापनदिन असे कार्यक्रम करतो. बेस वाजवणारा मित्र नोकरीसाठी पुण्याला गेला, गिटारवाले आम्ही तिघं होतो, तेव्हा एकाने बेस घ्यायचं ठरलं आणि मी आनंदाने घेतला. बजेट पंचवीस हजार. त्यातच सेटअप (तारांची उंची, नेक वगैरे कारागिराकडून जुळवून घेणं), रुंद स्ट्रॅप आणि बरी गिग बॅग बसवायची होती.

गिटारवाल्याला पहिला मोह होतो तो शॉर्ट स्केलचा, म्हणजे तारेची वाजणारी लांबी कमी असलेल्या बेसचा. इबानेझचा मायक्रो २८.६ इंची, स्क्वायरचा ब्रॉन्को ३० इंची. आपली इलेक्ट्रिक गिटार साधारण २५.५ इंची, त्यामुळे हे हातात पटकन बसतात. ज्यांचे हात लहान आहेत, खांदा दुखतो किंवा घरात मुलंही वाजवणार आहेत, त्यांनी बिनधास्त घ्यावेत. पण नेहमीच्या ३४ इंची बेसवर पहिला फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांमधली जागा) सुमारे ४८ मिलिमीटर लांब असतो, गिटारवर तोच ३६. हे बारा मिलिमीटर डाव्या हाताला नवी शिस्त लावतात. गिटारसारखं एका फ्रेटला एक बोट ठेवायला गेलं तर खुंट्यांकडच्या पहिल्या काही फ्रेटवर मनगट ताणतं. तिथे डबल बेसवाल्यांची पद्धत कामी येते: पहिलं बोट, मधलं बोट, करंगळी, आणि अनामिकेने करंगळीला नुसता आधार द्यायचा. तीन फ्रेटमध्ये हात मोकळा राहतो, पुढे जायचं तर बोटं न ताणता अख्खा हात सरकवायचा. शॉर्ट स्केलवर जुनी सवय चालून जाते, म्हणून ती मोडतच नाही.

नेकच्या (दांड्याच्या) रुंदीचंही तसंच. फेंडर कंपनीच्या जॅझ बेस धाटणीचा नट (तारा दांड्यावर जिथून सुरू होतात ती पट्टी) ३८ मिलिमीटरचा, गिटारवाल्याला लगेच आवडणारा. त्यांच्याच प्रिसिजन धाटणीचा त्याहून रुंद. दोन्ही वाजवून बघा, पण बसून नको. स्ट्रॅप लावून उभे राहा आणि डावा हात सोडून द्या. हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) जमिनीकडे झुकत असेल तर दोन तासांच्या कार्यक्रमात तो डावा हात नेक उचलण्यातच दमणार. यामाहा या परीक्षेत जागचा हलला नाही, निवडीतला सगळ्यात मोठा मुद्दा माझ्यासाठी हाच ठरला. दुसरा मुद्दा बॅटरीचा. इबानेझच्या जीएसआर २०० मध्ये खर्ज वाढवायचं सर्किट आहे आणि त्याला ९ व्होल्टची बॅटरी लागते. मला पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीचा हवा होता: दोन व्हॉल्यूम, एक टोन, संपलं.

पिकअप (तारांचं कंपन पकडणारे भाग) पीजे जोडणीचे, म्हणजे पुढे प्रिसिजनचा, मागे जॅझचा. पुढचा दोन तुकड्यांचा, फेंडरने १९५७ मध्ये प्रिसिजनवर आणलेल्या रचनेचा, त्यामुळे गुणगुण आपोआप कटते. मागचा सिंगल कॉइल (तारेच्या एकाच गुंडाळीचा), आणि कुठल्याही सिंगल कॉइलप्रमाणे हॉलमधल्या दिव्यांच्या डिमरजवळ तो एकटा सोडला की गुणगुणतो. माझं कायमचं सेटिंग: पुढचा पूर्ण, मागचा पाव, टोन अर्ध्यावर. आमच्याकडे तबला असतो. मोकळा ई ४१ हर्ट्‌झचा, म्हणजे गिटारच्या जाड तारेच्या एक सप्तक खाली. तो लांबवून धरला की डग्ग्याचा घुमारा आणि बेस एकमेकांत कालवले जातात. मागचा पिकअप पावभर उघडला की सुराला कड येते आणि दोघं वेगळे ऐकू येतात.

खरी मेहनत मात्र सूर थांबवण्याची आहे. गिटारवर तार वाजत राहिली तर कॉर्ड भरल्यासारखी वाटते, बेसवर तीच तार गाणं गढूळ करते. मी उजवा अंगठा खर्जाच्या जाड तारांवर सरकता ठेवतो, डाव्या हाताची मोकळी बोटं बाकीच्या तारांवर हलकी टेकवतो. सुरुवातीला फक्त मेट्रोनोम लावून एकच सूर वाजवा: एकदा पूर्ण मात्रा, एकदा अर्धी, एकदा नुसता ठिपका. पिकने वाजवणं चूक नाही, पण दोन बोटांची सवय आधी लावा. जेम्स जेमरसन या बेसवादकाने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची गाजलेली रेकॉर्डिंगं उजव्या हाताच्या एका तर्जनीवर वाजवली. बोटांची संख्या हा प्रश्नच नाही, सूर कधी संपतो हा आहे.

आता पावसाळा. ठाण्याची हवा कुठल्याही लाकडी नेकला सोडत नाही. जुलैत तारा वर आल्या. नौपाड्यात गिटार दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांनी ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक सुधारणारी सळई) पाव फेऱ्याहून कमी फिरवला, रात्रभर तसाच ठेवायला सांगितला आणि दुसऱ्या दिवशी ब्रिज (तारा खालच्या टोकाला टेकतात तो भाग) बघितला. आता बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोन. बोटांना एवढं पुरतं आणि जोरात वाजवलं तरी तार फ्रेटवर खडखडत नाही. गिटारची अगदी खाली बसवलेली ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) इथे मागू नका. तारा वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने खालूनही पुसायच्या, गिग बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. गिटारपेक्षा बेसच्या तारांचा सेट बराच महाग पडतो, तेव्हा ही पाच मिनिटं वसूल होतात.

वाशीला सरावाला जायचं तर ट्रान्स-हार्बरने गर्दीची वेळ टाळून जातो. गिटारच्या बॅगेपेक्षा ही चांगली लांब असते, दारात आडवी धरता येत नाही. खांद्यावर ठेवू नका, पुढ्यात उभी धरा.

घरातल्या गिटार ॲम्पवर हळू आवाजात सराव होतो, पण आवाज वाढवला तर स्पीकर फाटायची भीती. मी घरी हेडफोन वापरतो आणि कार्यक्रमात डीआय बॉक्समधून (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) थेट साउंडवाल्याला लाइन देतो. आमच्या गाण्यांना वेगळा बेस ॲम्प अजून लागलेला नाही.

हा बेस मी ठेवणार आहे. आता फ्लॅटवाउंड (बाहेरून सपाट, गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा लावायच्या आहेत, तबल्यासोबत त्यांचा गोल, आखूड आवाज मला हवाय. त्यांचा ताण बहुतेक वेळा जास्त असतो, म्हणून तारा आणि सेटअप एकाच दिवशी काकांकडून करून घेणार.