रुफस की व्हेंटॉय? ड्युअल बूटचा पेनड्राइव्ह करताना

आमच्या बेळगाव भागात एका कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम लागतात, त्याला कारण आहे. कन्नड अर्जांसाठी नुडी, मराठी पत्रिकांसाठी श्रीलिपी, ही टायपिंगची कामं विंडोजवर; आणि घरातल्या इंजिनिअरिंगच्या पोराला उबुंटू (लिनक्सची एक सिस्टिम) हवं. एकाच मशीनवर अशा दोन सिस्टिम ठेवणं म्हणजे ड्युअल बूट. मग पहिला प्रश्न सिस्टिम बसवायच्या पेनड्राइव्हचा. तो तयार करणारी दोन सॉफ्टवेअरं म्हणजे रुफस आणि व्हेंटॉय. मी बरीच वर्षं रुफस वापरलं, आता व्हेंटॉय वापरतो. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींनी माझी कामं केली आहेत.

रुफसचा भरवसा मोठा. एकच आयएसओ (सिस्टिम बसवायची पूर्ण फाइल) लिहितं, पण नीट लिहितं. विंडोजच्या आयएसओतली ४ जीबीपेक्षा मोठी फाइल फॅट३२ या फॉरमॅटवर मावत नाही, तिची सोय ते ड्राइव्ह स्वतःच एनटीएफएस फॉरमॅटचा करून लावतं. फक्त जीपीटी की एमबीआर (डिस्कचे भाग नोंदवायच्या दोन पद्धती) हे आपलं विंडोज ज्या पद्धतीनं बसलंय त्याप्रमाणेच निवडायचं.

व्हेंटॉय एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की पुढे आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या. उबुंटू, विंडोज, मिंट, सगळ्या एकत्र. सुरू करताना यादीतून निवडायची.

माझा कौल फिरला तो खानापुरात. जुलैचा पाऊस, भाच्याचा डेस्कटॉप. माझ्याकडे रुफसनं केलेला उबुंटूचा एकच ड्राइव्ह. विंडोजचं पार्टिशन लहान करणं चालू असताना लाइट गेली आणि यूपीएसनंही मान टाकली. लाइट आल्यावर भाचा म्हणाला, "मामा, विंडोज कुठं गेलं ओ?" दुरुस्तीला विंडोजचा ड्राइव्ह हवा होता. त्याची आयएसओ माझ्या दुसऱ्या डिस्कवर होती, पण लिहायची कशी? रुफस फक्त विंडोजवर चालतं आणि त्या घरात चालू होत होतं ते फक्त पेनड्राइव्हवरचं उबुंटू. तिथून डीडी या लिनक्सच्या कमांडनं आयएसओ लिहून पाहिली, विंडोजच्या आयएसओला ते चालत नाही. शेवटी बस धरून बेळगावला आलो, ड्राइव्ह करून दुसऱ्या दिवशी परत गेलो. स्टार्टअप रिपेअरनं विंडोज उठलं, पण ती रात्र बहिणीनं पोराच्या प्रोजेक्टच्या काळजीत काढली. यात रुफसचा दोष नाही. तरी व्हेंटॉयच्या ड्राइव्हवर दोन्ही आयएसओ असत्या, तर काम जागेवरच झालं असतं.

व्हेंटॉयच्याही अडचणी आहेत. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरला मशीन सुरू करू न देणारी सोय) चालू असेल तर पहिल्यांदा निळा स्क्रीन येतो. घाबरायचं नाही, 'एनरोल की' हा पर्याय निवडून ड्राइव्हवरची की (ओळखीची फाइल) दाखवायची आणि रीस्टार्ट. त्या मशीनवर एवढं एकदाच. सिक्युअर बूट बंद करायला जाल, तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की मागू शकतं, ती आधी लिहून ठेवा. कॉपी संपली असं दिसताच ड्राइव्ह उपसला तर आयएसओ अर्धवट राहते आणि इन्स्टॉलर मध्येच अडकतो. इजेक्ट करूनच काढा. शंका आली तर व्हेंटॉयच्या मेन्यूतच चेकसम (फाइल पूर्ण आहे का ते दाखवणारा आकडा) तपासता येतो, आणि एखादी आयएसओ चालली नाही तर ग्रब२ मोड (सुरू करायची दुसरी पद्धत) निवडून बघावा. काही जुन्या मशीनवर मात्र, माझ्या अनुभवात, व्हेंटॉय काळ्या स्क्रीनवरच थांबलं आणि तिथे रुफसचाच ड्राइव्ह चालला.

एक गोष्ट दोन्हींना लागू. बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा साधा (जुन्या पद्धतीनं सुरू होणारा) आणि एकदा पुढे यूईएफआय (सुरू व्हायची नवी पद्धत) लिहिलेला. विंडोज यूईएफआयमध्ये असताना साधा निवडलात, तर इन्स्टॉलरला 'विंडोजशेजारी बसवा' हा पर्याय दिसेलच असं नाही. लोक पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा लिहीत बसतात, आणि चूक त्या एका ओळीत असते. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही (बंद करताना विंडोजला पूर्ण बंद न करणारी सोय) आधी बंद करा.

मशीन फार जुनं असेल आणि घरात विंडोजचा दुसरा कॉम्प्युटर असेल, तर रुफस घ्या, बिनधास्त. पण घरात एकच मशीन असेल आणि गाव शहरापासून लांब असेल, तर मला वाटतं व्हेंटॉयच घ्यावं. माझ्या पिशवीत आता ३२ जीबीचा व्हेंटॉयचा ड्राइव्ह असतो. विंडोजची आयएसओ त्यावर मी सगळ्यात आधी टाकली.