स्मार्ट ट्रेनर आठ महिने वापरल्यावर (नोकरी सांभाळून गोव्याची तयारी)

जानेवारीत डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनर, म्हणजे आपलीच सायकल घरात लावून चालवायचं मशीन, घेतला, आता सप्टेंबर चालू आहे, मधले काही आठवडे सोडले तर आठवड्यातून तीन-चार दिवस त्याच्यावर बसतेय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. माझं आधी सांगते म्हणजे तुम्हाला स्वतःशी ताडून बघता येईल. वय ३९, राहायला ठाण्यात, नोकरी बीकेसीत अकाउंट्समध्ये, सव्वाआठची लोकल, कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा, घरी यायला साडेसात-आठ. नोव्हेंबरात गोव्याची हाफ आयर्नमन करायचीय, म्हणजे मिरामारला समुद्रात १.९ किमी पोहणं, मग ९० किमी सायकल, त्यावर २१.१ किमी पळणं, सगळं साडेआठ तासांच्या आत.

ट्रेनर घेतला तो घोडबंदर रोडमुळे. पहाटे पाचला निघालं तरी ट्रेलरची रांग असते, खड्डे चुकवायचे, परत येईपर्यंत स्कूल बस सुरू, दीड तासाच्या राइडसाठी कपडे-हवा-लाइट धरून सव्वादोन तास जायचे. आणि पावसाळ्यात तर विषयच संपला.

मशीनबद्दल. मागचं चाक काढायचं, चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या चकत्यांवर) चढवायची, झालं. कॅसेट बऱ्याच मॉडेलच्या डब्यात नसते, वेगळी घ्यावी लागते, सायकलच्या स्पीडप्रमाणे म्हणजे मागे किती गिअर आहेत त्याप्रमाणे, माझी ११ची होती. खरी मजा अर्ग मोडची. ॲपमध्ये १४० वॉट (पायांनी लावायची ताकद) सांगितले की तुम्ही पायडल हळू मारा नाहीतर भराभर, तो रेझिस्टन्स बदलून १४०च धरून ठेवतो, मग झोपेत असलात तरी वर्कआउट नीट होतो कारण ठरवायला काही उरतच नाही. रस्त्यावर उतार, सिग्नल, वळण यात पाय सारखे थांबतात, इथे एक तास म्हणजे एक तास. एफटीपी म्हणजे साधारण तासभर टिकवता येतील एवढे वॉट, २० मिनिटांची जोरात टेस्ट करून तिच्या सरासरीचे ९५ टक्के धरतात, ती जानेवारीत १३८ होती, ऑगस्टमध्ये १६१ आली. मी यावर खूश आहे.

त्रास पण सांगते. मे महिन्यात बंद खोलीत तेवढ्याच वॉटला माझे ठोके दहा-बाराने वर जायचे, छताचा पंखा कुचकामी, समोरून जोरात वारा मारणारा फॅन हवाच, तो ट्रेनरच्या आधी घ्या म्हटलं तरी चालेल. घामाने हँडलबारच्या स्टेमचे बोल्ट दोन महिन्यांत गंजले, आता वर टॉवेल टाकते आणि राइड झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून मग कोरडं करते. लाइट गेली की माझ्या मॉडेलचा रेझिस्टन्स एकदम सुटतो, पाय हवेत फिरतात, उभं राहून मारत असाल तर जपून. आवाजाचं म्हणाल तर ट्रेनरचा स्वतःचा आवाज अगदी कमी आहे पण जमिनीतून जी थरथर जाते ती वेगळी. खालच्या काकू एकदा जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "अगं, पहाटे तुझी सायकल सुरू झाली ना की माझ्या मांडणीवरचे पेले किणकिण करतात." मी जाऊन ऐकलं, खरंच करत होते, स्टीलचे, एकात एक ठेवलेले. मग जिमच्या जाड रबरी लाद्या, त्यावर फोमची मॅट आणि सगळ्यात वर ट्रेनरची मॅट असे तीन थर केले. काकू म्हणतात आता काही ऐकू येत नाही, तरी मी साडेपाचच्या आधी सुरू करत नाही.

आता जे मला खरं सांगायचंय ते. ट्रेनरने माझा रोजचा जवळजवळ तास वाचवला, आणि तो तास मी झोपेला द्यायच्या ऐवजी परत ट्रेनिंगलाच दिला. सायकल समोरच उभी, बाहेर जायचं नाही, मग मंगळवारी तलावावरून पोहून आले की संध्याकाळी अर्धा तास, ऑफिसमध्ये बॉसशी वाजलं की डोकं शांत करायला अर्धा तास, रविवारी उपवन-येऊरला पळून आल्यावर पाय मोकळे करायला म्हणून अजून. रस्ता होता तेव्हा पाऊस, ट्रॅफिक, कंटाळा कशाने तरी आराम आपोआप व्हायचा, घरात थांबवणारं कोणीच नाही. त्यात ३१ मार्चचं क्लोजिंग आलं, रात्री अकरापर्यंत ऑफिस, पहाटे पाचला गजर, आणि मी एकही सेशन सोडला नाही. सकाळी उठल्या उठल्या नाडी एरवी ५४-५५ असायची ती ६३ दाखवायला लागली, दमलेली असून रात्री दोनला टक्क जाग, चिडचिड, आणि पाळी दोन महिने आली नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण बायका हे ट्रेनिंगच्या गप्पांमध्ये बोलत नाहीत आणि पाळी थांबली म्हणजे फिटनेस वाढला असं सांगणारेही भेटतात. तसं नाहीये. स्पोर्ट्सवाल्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी वॉट विचारले नाहीत, विचारलं काय तर "झोपता किती आणि पहाटे काय खाऊन बसता?" साडेपाच तास आणि ब्लॅक कॉफी, हे माझं उत्तर. बाकीच्या तपासण्या करून घेतल्या, दुसरं काही निघालं नाही. शरीर जेवढं खर्च करतं तेवढं पोटात जात नसेल तर ते अशी कामं बंद करत जातं, याला रेड्स म्हणतात, २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने हे नाव पुढे आणलं आणि पुरुषांनाही होतं. एप्रिलमध्ये तीन आठवडे पूर्ण बंद, नुसतं चालणं.

परत सुरू केलं तेव्हा प्लॅनमध्ये एकच बदल केला आणि तोच सगळ्यात उपयोगी पडला. तीन आठवडे वाढवायचं आणि चौथा आठवडा हलका हे सगळ्याच प्लॅनमध्ये असतं, मी तो हलका आठवडा प्लॅनच्या मोजणीतून काढला आणि ऑफिसच्या कॅलेंडरला बांधला. माझं दर महिन्याचं क्लोजिंग २९ ते ५ तारखेपर्यंत असतं, तेच माझे आरामाचे दिवस, ट्रेनरवर फक्त ४०-४५ मिनिटं हलकं, मधेमधे जोर लावायचे इंटरव्हल नाहीत. जीएसटी रिटर्नची ११ आणि २० तारीख, त्याच्या आदल्या दिवशी पण काही कठीण ठेवत नाही. महिना कधी ३१ चा असतो, गणित दोन-तीन दिवस इकडेतिकडे होतं, होऊ दे. पायांना कळत नाही की ताण एक्सेलचा आहे की चढाचा, ते एकाच खात्यातून वजा होतं.

बाकी, सोमवारी ट्रेनरचा प्लग काढून ठेवते. रात्री दहाला झोप. पहाटे बसण्याआधी एक केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू, उतरल्यावर दोन अंडी-पोळी, आणि डब्यात दहीभात जास्तीचा, तो अकरा वाजता खाते, ऑफिसमध्ये आता सगळ्यांना माहीत झालंय. पाळी जूनपासून नियमित आहे, नाडी परत ५५. आठवड्याचे तास मार्चमध्ये १२ व्हायचे, आता साडेआठ-नऊ, आणि एफटीपी वाढली ती बहुतेक जूननंतरच.

घ्यावा का? नोकरी असेल, मोठ्या शहरात राहत असाल तर घ्या, मला साधारण साठ हजार पडले, कॅसेट आणि मॅट धरून. पण फक्त याच्यावर विसंबू नका, वळणं, ब्रेक, वारा हे बाहेरच शिकायचं, मी दोन रविवारांतून एकदा बाहेर जाते. घेण्याआधी सायकलचा मागचा ॲक्सल (चाक धरून ठेवणारा दांडा) बघा, क्विक रिलीज आहे की थ्रू ॲक्सल, आणि त्याचा अडॅप्टर डब्यात येतो का ते दुकानदाराला विचारा. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर मागचा ब्रेक दाबू नका, पॅडच्या मधे प्लास्टिकचा तुकडा अडकवून ठेवा.