पेन्सिल की तेलखडू? लहान मुलांच्या वस्तुचित्रासाठी

सात ते नऊ वर्षांच्या मुलांना समोरची वस्तू बघून चित्र काढायला शिकवायचं, तर हातात आधी काय द्यावं, पेन्सिल की तेलखडू (ऑइल पेस्टल)? दोन्ही चालतात. किमती आणि कंपन्या तुम्हाला माहीत असतीलच, त्या सोडून देतो.

प्रमाण पेन्सिलीनेच नीट शिकवता येतं. तांब्याच्या मधोमध उभी रेघ, गळा पोटाच्या किती पट, दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे सगळं फिक्या रेघेत तपासता येतं. मात्र 2बी किंवा 4बी, म्हणजे मऊ शिशाची पेन्सिल द्या. नेहमीची, त्याहून कडक एचबी मुलं दाबून चालवतात, कागदाला खाच पडते आणि वरून छटा भरली तरी ती पांढरी उरते. हात लांब करून पेन्सिलीने माप घ्यायला या वयात शिकवू नये. कोपर वाकतं आणि दर वेळी माप वेगळं येतं.

खरी कटकट खोडरबराची. मुलं तांब्याचं तोंड पूर्ण गोल काढतात आणि बूड सरळ रेघेचं, कारण तोंड गोल असतं आणि तांब्या सपाट जागेवर उभा राहतो हे त्यांना ठाऊक असतं. वरून बघताना दिसतं ते निराळं: तोंड चपटं लंबगोल, बुडाची कड त्याहून जास्त वळलेली. फ्रीमन आणि जॅनिकून या मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी 1972 मध्ये मुलांसमोर कान मागे लपवलेला कप ठेवला होता. लहानांपैकी बहुतेकांनी न दिसणारा कानही काढला. साधारण आठव्या वर्षानंतर दिसतं तेच काढण्याकडे कल आढळला. पेन्सिलीची रेघ नेमकी या ठाऊक असण्याच्याच मागे जाते. काहीतरी चुकलंय एवढं मुलाला कळतं, काय ते कळत नाही, आणि खोडणं सुरू होतं. चौथ्यांदा खोडलं की कागदाचे तंतू उठतात, त्यावर छटा डागाळते. त्याहून वाईट म्हणजे नजर कागदावर खिळते आणि वस्तूकडे बघणं थांबतं. खोडरबर काढून घेतला, तर रेघा भीतभीत, केसाळ येतात.

तेलखडू खोडताच येत नाही. जपानमध्ये 1925 साली तो आला तेव्हा मुलांनी नकला न गिरवता स्वतः बघून काढावं असा आग्रह तिथे जोर धरत होता, आणि बघून काढायला लावण्याचा तो गुण तेलखडूत अजून आहे. खडूचा कागद सोलून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि ते आडवे धरायला लावा, म्हणजे टोकाने बाह्यरेषा काढायची सवय आपोआप सुटते. मातकट पिवळा, तपकिरी, गडद निळा आणि पांढरा एवढेच रंग द्या. काळा डब्यातून काढूनच ठेवा, नाहीतर सगळ्या सावल्या एकसारख्या मेलेल्या दिसतात. खाकी कागदाची खरखरीत बाजू घ्या. मधली छटा कागदच देतो.

वस्तू एकच, वांगं किंवा कांदा, मुलांपासून चारेक फुटांवर, उजेड एकाच खिडकीतून. आधी डोळे किलकिले करून उजेडाची बाजू ओळखायची. मग वस्तूच्या मध्यापासून बाहेर रंग पसरवत जायचं, अंधारी बाजू निळ्या-तपकिरीने भरायची आणि पडछाया बुडाला चिकटूनच सुरू करायची. ती सुटली की वांगं हवेत तरंगतं. पांढरा सर्वांत शेवटी, आणि दर वेळी फडक्याला पुसून, नाहीतर तो मळतो. दोन-तीन थरांनंतर खडू घसरायला लागतो, तिथे थांबवायचं.

तेलखडूचेही त्रास आहेतच. उन्हाळ्यात तो मऊ पडतो, मनगटाने चित्र फासलं जातं, वाळत असा नाहीच, त्यामुळे ठेवताना वर बटर पेपर लागतो. किटलीची चोच किंवा कपाचा कान त्याने नेमका येत नाही. पुढे शासकीय रेखाकला परीक्षेची तयारी करायची असेल, तर पेन्सिलीचं रेखांकन शिकावंच लागेल.

वर्गातल्या अनुभवावरून वाटतं, की पहिलं वर्ष तेलखडूवर काढलेल्या मुलांना पेन्सिल नंतर सोपी जाते. उलटं सहसा होत नाही. एखादं मूल मुळातच रेघेत रमत असेल तर त्याला अडवू नका. बाकीच्यांना पेन्सिल तेव्हा द्या, जेव्हा ‘इथली कड नीट दिसत नाही’ अशी तक्रार त्यांच्याकडून येईल. तेव्हाही खोडरबर पहिल्या वीस मिनिटांनंतरच.