सोफा घरी धुवावा, माणूस बोलवावा की कापडच बदलावे?

दिवाळीच्या साफसफाईत माळा, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या असे सगळे निघते आणि शेवटी बैठकीच्या खोलीतला सोफा तेवढा उरतो. त्याच्यासाठी साधारणपणे चार वाटा असतात: घरच्या घरी हाताने स्वच्छ करणे, पाणी ओढून घेणारे यंत्र विकत घेऊन स्वतः धुणे, शाम्पू करून देणाऱ्यांना बोलावणे आणि कापड पूर्णपणे बदलून घेणे. या वाटांची तुलना बहुतेक घरांत फक्त खर्चावर होते. माझ्या मते त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: वरचे कापड पाणी सोसणारे आहे का, आणि आत गेलेले पाणी बाहेर कसे येणार?

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण सोफ्याची गादी ज्या फोमची असते त्याला आरपार छिद्रे असतात आणि तो स्पंजासारखा पाणी पितो. कापड वरून दोन तासांत कोरडे लागते, पण मधला फोम दमटच राहतो, आणि तीन-चार दिवसांनी जो कुबट वास येतो तो त्या फोमचा असतो. एका वर्षी पाहुणे येणार म्हणून आम्ही भर जुलैत शाम्पू करून घेतला. काम करणाऱ्यांनी फेस भरपूर केला, ब्रशही मन लावून फिरवला, पण पाणी ओढण्याचे यंत्र घाईघाईने एकदाच फिरवले. पाहुणे आले तेव्हा सोफा दिसायला नवा होता आणि वास मात्र ओल्या घोंगडीचा येत होता.

कापडाची ओळख पटवणे त्या मानाने सोपे आहे. मोठ्या कंपन्यांच्या सोफ्याला गादीखाली एक चिठ्ठी शिवलेली असते आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरे असतात: ‘डब्ल्यू’ म्हणजे पाण्याने धुतलेले चालते, ‘एस’ म्हणजे पाणी नको, फक्त ड्रायक्लीनिंगचे द्रावण, ‘डब्ल्यूएस’ म्हणजे दोन्ही चालते आणि ‘एक्स’ म्हणजे नुसता व्हॅक्यूम. आपल्याकडे बरेच सोफे गल्लीतल्या कारागिराकडून बनवून घेतलेले असल्यामुळे ही चिठ्ठी सहसा सापडत नाही. अशा वेळी सोफ्याच्या मागच्या बाजूला, अगदी खाली, पांढरा ओला रुमाल दोन मिनिटे दाबून धरावा. रुमालाला रंग लागला किंवा वाळल्यावर त्या जागी वलय उमटले, तर पाण्याच्या सगळ्या पद्धती बाजूला ठेवाव्यात. पॉलिस्टरची मखमल आणि शेनील (जाड, लवदार धाग्याचे कापड) सहसा निभावून नेतात. सुती, लिनन आणि तागाच्या कापडावर मात्र पाण्याची पिवळट-तपकिरी कड पटकन उमटते, कारण कापड वाळताना आतला मळ पाण्याबरोबर वर येऊन कडेला साचतो. गादीच्या खोळीला चेन आहे म्हणजे ती धुलाईयंत्रात टाकता येते, असेही समजू नये. ती चेन पुष्कळदा कारागिराला फोम भरणे सोपे जावे म्हणून असते, आणि आटलेली सुती खोळ पुन्हा त्याच गादीवर चढत नाही. रेक्झिनला ओले फडके पुरते. रेक्झिनचे पापुद्रे निघू लागले असतील, तर मात्र कोणतीही सफाई त्याला वाचवू शकत नाही.

आता पहिली वाट. हाताने सफाई करणे सर्वांत स्वस्त आणि, ओलावा कमी असल्यामुळे, सर्वांत सुरक्षित आहे. आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम क्लीनरच्या अरुंद तोंडाच्या नळीने बैठक आणि पाठ यांच्यामधली फट, शिवणी आणि पाइपिंगच्या (कडेने शिवलेल्या गोल पट्टीच्या) कडा साफ केल्या, तर शाम्पूची वेळ वर्षभर पुढे ढकलली जाते, कारण कापड झिजवण्याचे काम मुख्यतः आत रुतलेली बारीक माती करते. ताज्या डागांसाठीही हीच वाट योग्य आहे, मात्र प्रत्येक डागाचा स्वभाव वेगळा असतो. डोक्याच्या तेलाने पाठीवर पडलेल्या चकाकत्या पट्ट्यावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर काही तास पसरून ठेवावे आणि मग ओढून घ्यावे. तिथे आधी पाणी लावणे ही चूक ठरते. दुधाच्या चहावर आणि लहान मुलांच्या लघवीवर गरम पाणी टाकू नये, कारण उष्णतेने त्यातली प्रथिने धाग्यात घट्ट बसतात. लघवीच्या वासावर एन्झाइम असलेले द्रावणच काम करते.

हळद हा तर आपला खास घरचा डाग. वरण सांडले की हात आपोआप कपड्याच्या साबणाकडे जातो आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल होतो. कापड जळाले की काय, असे पहिल्यांदा वाटते. प्रत्यक्षात हळदीतले कर्क्युमिन साबण किंवा सोडा यांसारखा क्षार लागला की तांबडे होते आणि आम्ल लागले की पुन्हा पिवळ्यावर येते. म्हणून पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने तो लाल रंग मागे फिरवावा, कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा आणि गादी सुटी होत असेल तर ती उन्हात ठेवावी. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. गडद रंगाच्या कापडाला मात्र तेच ऊन विटवते, त्यामुळे तिथे ही युक्ती जपून वापरावी.

हाताच्या सफाईची मर्यादा अशी की ती वरवरची असते. पाच वर्षांचा मळ एकसारखा बसलेला असेल आणि आपण एकच डाग घासला, तर तिथे स्वच्छ गोल दिसू लागतो आणि उरलेला सोफा अधिकच मळका वाटतो. अशा वेळी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाटेचा विचार करावा. ओले-कोरडे दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर घरी असेल, तर अर्धे काम झालेच: कागदी पिशवी काढून ठेवावी, फवाऱ्याने थोडेसे साबणपाणी मारावे, मऊ ब्रशने फिरवावे आणि लगेच ओढून घ्यावे. एका वेळी एकच पूर्ण पट्टा, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत ओला करावा, म्हणजे मधेच वलय राहत नाही. सुमारे १,४०० वॉटचे यंत्र तासभर चालले तरी दीड युनिटपेक्षा कमी वीज लागते. खरा खर्च अर्ध्या दिवसाचा आणि पाठीचा. घरात लहान मूल किंवा मांजर असेल, तर असे यंत्र दर महिन्याला उपयोगी पडते. दोघांच्या घरात ते माळ्यावर पडून राहते, आणि तिथे वर्षातून एकदा माणूस बोलावणेच मला शहाणपणाचे वाटते.

बोलावताना मात्र दर विचारण्याआधी यंत्र विचारावे. नुसता फेस करून फडक्याने पुसणाऱ्यांपेक्षा घरी हाताने केलेले काम बरे, कारण मागे राहिलेला साबण चिकट असतो आणि दोन महिन्यांत दुप्पट धूळ धरतो. पाणी दाबाने मारून त्याच तोंडाने ओढणारे यंत्र असेल, तर शेवटचे दोन हात फवारा बंद ठेवून फिरवायला सांगावेत. काम संपल्यावर बैठकीवर घडी घातलेला कागदी रुमाल ठेवून तळहाताने जोरात दाबावा. रुमाल दमट झाला तर चालेल, पण ओलाचिंब झाला तर आणखी एक हात मागून घ्यावा. कारागीर निघून गेल्यावर तो मागता येत नाही. वाफेच्या यंत्राचे सध्या बरेच कौतुक होते. वाफेने धुळीतले किडे मरतात हे खरे, पण ते यंत्र मळ ओढून घेत नाही आणि मखमलीची लव चपटी करते, म्हणून मी त्याला शाम्पूचा पर्याय मानत नाही.

ओल्या पद्धतींसाठी महिना पाहणे अपरिहार्य आहे. मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की पंखा फक्त तोच दमटपणा फिरवत राहतो, त्यामुळे त्या काळात कोरडी सफाईच करावी. पुणे, सोलापूर किंवा नागपूरच्या एप्रिलमध्ये सकाळी धुतलेला सोफा संध्याकाळी वापरता येतो. ऑक्टोबरचा उन्हाळाही चांगला, पण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सेवेवाल्यांना घाई असते, म्हणून दसऱ्याच्या आसपासच त्यांना बोलवावे.

चौथी वाट सर्वांत महाग आहे आणि तरीही काही वेळा तीच खरी काटकसर ठरते. बसल्यावर गादी खाली जाऊन फळी लागत असेल, सोफ्याचे हात हलत असतील किंवा कापड हाताच्या टोकाला विरले असेल, तर शाम्पूवर केलेला खर्च वाया जातो. सोफा उघडला की आतली फळी, पट्टे आणि वाळवी हे सगळे एकदाच दिसते, हा कापड बदलण्याचा मोठा फायदा आहे. फोम बदलायचा असेल तर बैठकीला ४० घनतेचा मागावा. पाठीला ३२ चालतो. घनता म्हणजे एका घनमीटरचे किलोमधले वजन, त्यामुळे तुकडा हातात घेऊन तोलला तरी फरक कळतो. कापड घेताना ५४ इंच पन्हा गृहीत धरून कारागिराकडूनच मीटर काढून घ्यावेत आणि चौकड्या किंवा मोठी फुले असतील तर जुळवणीसाठी जास्त कापड लागेल हे धरून चालावे. उरलेले तुकडे कारागिराकडे न सोडता मागून घ्यावेत. त्यांतून हातांवर आणि डोके टेकते तिथे घालायच्या सुट्या टोप्या शिवून होतात आणि त्या दर पंधरवड्याला बादलीत धुता येतात.