सेल्युलॉइडची मूठ: ठेवावी, सोडवावी की बदलावी?

पात्याला गंज चढला की दोष हवेतल्या ओलीवर जातो. पण खोक्यात सहा चाकू असतील आणि त्यांतल्या एकाच्या शेजारचेच तेवढे गंजले असतील, तर आधी त्या एकाची मूठ हुंगून बघावी. कापराचा नेहमीचा वास जाऊन नाकाला झोंबणारा आंबूस वास येत असेल, तर गुन्हेगार सापडला. पुढचा प्रश्न त्याचं करायचं काय हा. त्याची उत्तरं तीन आहेत आणि तिन्हींत काही ना काही गमवावं लागतं.

मूठ नेमकी कशानं बिघडते हे आधी कळलं पाहिजे. सेल्युलॉइड हे जुन्या काळचं प्लॅस्टिक, म्हणजे सेल्युलोज नायट्रेट आणि कापूर यांचं मिश्रण. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी हस्तिदंती बिलियर्ड चेंडूंना पर्याय शोधता शोधता ते व्यवहारात आणलं. हाड, शिंग, कासवाचं कवच, शिंपला अशी कशाचीही नक्कल त्यातून करता येत असल्यामुळे घडीच्या चाकूंना ते फार मानवलं. त्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडत राहतात. कापूर कापरासारखाच उडून जातो आणि मूठ आकसते. दुसरीकडे सेल्युलोज नायट्रेट हळूहळू फुटतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात. त्यांना ओल मिळाली की नायट्रिक आम्ल तयार होतं, आणि हेच आम्ल उरलेलं सेल्युलॉइड आणखी वेगानं फोडतं. ऊन आणि उष्णता या चक्राला जोर देतात. हवाबंद पिशवी तर सगळ्यांत वाईट, कारण वायू आतच कोंडतो. काळजीपोटी घट्ट बंद केलेला चाकू उघड्यावरच्या चाकूपेक्षा लवकर जातो, आणि त्याच पिशवीत दुसरे असतील तर सुक्याबरोबर ओलंही जळतं.

मात्र आकसणं वेगळं आणि कुजणं वेगळं. मूठ आणि टोकाची धातूची टोपी यांच्यात केसाएवढी फट पडली असेल, पिनेपाशी एखादी बारीक चीर असेल आणि बाकी सगळं कोरडं असेल, तर तो म्हाताऱ्या सेल्युलॉइडचा स्वभाव समजावा. घाबरायचं ते पृष्ठभागावर घाम आल्यासारखा ओलावा दिसला, आतल्या पितळी पट्टीवर हिरवट थर आला, किंवा पात्याचा मिटल्यावर मुठीत जाणारा भागच तेवढा गंजला, तर. चौकोनी ठिकऱ्यांसारख्या भेगा पडून भुगा सुटू लागला, तर मूठ गेलीच म्हणायची. तिथं ठेवायची की नाही हा प्रश्न उरत नाही.

पहिला पर्याय, आहे तशी ठेवणं. जुन्या चाकूची किंमत बरीचशी त्याच्या मूळपणात असते आणि ती इथं शाबूत राहते. पण कोरड्या, थंड, अंधाऱ्या आणि हवा खेळती असलेल्या जागी तो चाकू एकटा ठेवावा लागतो. चामड्याच्या गुंडाळीत किंवा फोमच्या खाचेत ठेवू नये, तिथं ओल आणि आम्ल दोन्ही मुरतात. आम्लविरहित कागदात सैल गुंडाळून जवळ सक्रिय कोळसा ठेवला तर वायू थोडाफार शोषला जातो. पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा आणि महिन्यातून एकदा उघडून पाहावं. यानं बिघाड लांबतो, उलटत मात्र नाही.

दुसरा पर्याय, मूठ सोडवून चाकूचं धातूचं अंग वाचवणं. पितळी पट्ट्या खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून, स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून तेल लावलं की धातूवरचा हल्ला थांबतो. मूळ मूठ वेगळी, दूर, उघड्यावर ठेवता येते. देखणेपण मात्र जातं, आणि पिना कापाव्या लागत असल्यामुळे ती मूठ तशीच परत बसेल याची खात्री नसते. मला हा पर्याय लोक समजतात त्यापेक्षा चांगला वाटतो. कपाटात उघडा सांगाडा ठेवायची लाज वाटते, एवढ्याच कारणानं तो टाळला जातो.

तिसरा, मूठ बदलणं. हाड जुन्या चाकूवर शोभतं. ड्युपॉन्टनं १९६० पासून विकायला आणलेलं डेलरिन हे प्लॅस्टिक जवळपास अमर आहे, पण त्याला सेल्युलॉइडची झाक नाही. रंगांच्या लहरी हव्या असतील तर ॲक्रिलिक जवळ जातं आणि आम्ल सोडत नाही. नवं सेल्युलॉइड आजही मिळतं, पण ते बसवलं की तोच आजार नव्या तारखेनं सुरू होतो. टेबल टेनिसनंसुद्धा २०१४ मध्ये सेल्युलॉइडच्या चेंडूंना निरोप दिला. मूठ बदलून घेतली असेल तर विकताना ते सांगायलाच हवं. न सांगता विकणं ही सरळ फसवणूक आहे.

आता निवड. अपारदर्शक पांढऱ्या किंवा हस्तिदंती मुठींत बहुतेकदा झिंक ऑक्साइड घातलेलं असतं. ते थोडंफार आम्ल पचवतं, म्हणून अशा मुठी साधारणपणे टिकतात. त्या ठेवाव्यात. पारदर्शक, पिवळट किंवा कासवी मुठींना हा आधार नसतो. साध्या, पुष्कळ मिळणाऱ्या चाकूवर अशी मूठ घामेजू लागली, तर मी आठवडाभरही न थांबता ती सोडवेन.

अडतं ते चित्रांच्या चाकूंपाशी. ओहायोतल्या कँटनमध्ये पारदर्शक सेल्युलॉइडखाली फोटो, नावं, जाहिराती बसवलेले चाकू बनत. तिथं मूठ हाच चाकू. ती बदलली तर उरतं ते कुणाचंही पातं. आणि नेमकी हीच मूठ सगळ्यांत नाजूक. अशा चाकूला पहिला पर्याय द्यायचा, दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो आजच काढून ठेवायचे आणि तो इतर सगळ्यांपासून दूर ठेवायचा. पातं गंजलं तरी चालेल, हे इथं मनाला पटवून घ्यावं लागतं.

अजून घ्यायचाच असेल, तर विकणाऱ्याकडे पाती पूर्ण उघडलेला फोटो मागावा, ज्यात मुठीची आतली खाच दिसेल. फोटोत वास येत नाही, पण गंजाची जागा बरंच सांगून जाते.

काम स्वतः करणार असाल तर यंत्रानं घासू नका. घर्षणाच्या उष्णतेनं सेल्युलॉइड भडकतं आणि त्याची धूळ तर आणखी लवकर. पिना हातानं, सावकाश काढा. ठेवायचे नसलेले तुकडे आणि भुगा ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका. पाण्यात बुडवून ठेवा आणि तसेच ओले घातक कचऱ्यात द्या.